आधी ताकद की आधी उडी? : लहान मुलांच्या जिम्नॅस्टिक्स व मल्लखांब शिक्षणाचा विचार

दरवर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आमच्या शिरड शहापूरच्या मुलांची प्रात्यक्षिके होतात. लेझीम होते, मनोरे होतात, मल्लखांब होतो आणि शेवटी जमिनीवरच्या उड्या होतात. टाळ्या कशाला पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. मुलाने हवेत उलटी गिरकी घेतली की मंडप दणाणतो. त्याच मुलाने त्याआधी कित्येक महिने संध्याकाळी भिंतीला पाय लावून हातांवर उभे राहण्याचा सराव केलेला असतो. त्याला कोणी टाळी वाजवत नाही, कारण तो कोणी पाहिलेलाच नसतो. या न दिसणाऱ्या सरावाविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. स्मरणिकेच्या निमित्ताने तो योग आला.

प्रथमच सांगून टाकावे, की आम्ही क्रीडाशास्त्राचे पदवीधर नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून चिकटलो. परंतु शाळेत असताना मल्लखांबाची जी गोडी लागली ती सुटली नाही. गेली काही वर्षे बँक सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे मित्र गावातील मुलामुलींना मैदानावर शिकवतो. एक लाकडी खांब, एक दोर, सोयाबीनचा भुसा भरलेल्या पोत्यांची गादी आणि खणून मऊ केलेली जमीन, एवढेच आमचे साहित्य. या लेखात जे लिहिले आहे ते थोडे वाचनातून, थोडे जाणत्या प्रशिक्षकांना विचारून आणि बरेचसे स्वतःच्या चुकांतून आलेले आहे.

त्यांपैकी एक चूक येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सातवीतला एक मुलगा होता. अंगाने हलका, धीट आणि सांगितलेले लगेच करणारा. जयंतीला तीन आठवडे उरले होते. त्याला उलटी हातउडी, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवर येऊन पुन्हा पायांवर उभे राहण्याचा प्रकार, शिकवायचे आम्ही ठरवले. दोघांनी कमरेला आधार देऊन रोज पंचवीस-तीस वेळा करून घेतले. पंधरा दिवसांत तो एकट्याने करू लागला. कार्यक्रमात त्याने सलग तीन उड्या मारल्या. टाळ्या पडल्या. त्याच्या वडिलांनी आम्हांला मिठी मारली.

आठ दिवसांनी त्याच्या आईकडून कळले, की पोराला डाव्या हाताने पाण्याची बादली उचलवत नाही. मनगट दुखते हे त्याने कार्यक्रमाच्या आधीपासून लपवून ठेवले होते. नांदेडला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. हाड मोडलेले नव्हते. परंतु मनगटाजवळ हाड ज्या भागात वाढते त्या भागावर ताण आला होता. दोन महिने हातावर वजन घ्यायचे नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी आम्हांलाच विचारले, "हा मुलगा हातांवर किती वेळ उभा राहू शकतो?" आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही ते कधी मोजलेच नव्हते. "या वर्षात याची उंची किती वाढली?" तेही माहीत नव्हते. आईने सांगितले, की जूनमध्ये शिवलेली विजार मार्चमध्ये घोट्याच्या वर गेली होती.

मुलगा बरा झाला. परंतु ते दोन प्रश्न आमच्या मनातून गेले नाहीत. हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांचे उशिरा दिलेले उत्तर होय.

ताकद आणि कौशल्य

जिम्नॅस्टिक्सच्या शिक्षणात दोन गोष्टी असतात. पहिली शारीरिक तयारी. हिला प्रशिक्षक कंडिशनिंग म्हणतात. ताकद, लवचीकता, दम, तोल आणि धक्का सोसण्याची सांध्यांची क्षमता हे सर्व तीत येते. दुसरी गोष्ट कौशल्य, म्हणजे कोलांटउडी, गाडीचाक, हातांवर उभे राहणे, मल्लखांबावरची अढी, फिरकी, दसरंग असा प्रत्यक्ष प्रकार.

आमच्या खात्यातले उदाहरण देतो. ताकद म्हणजे खात्यातील शिल्लक आणि कौशल्य म्हणजे त्या खात्यावर लिहिलेला धनादेश. शिल्लक नसताना धनादेश लिहिला तर बँक तो परत करते. शरीर मात्र लगेच परत करत नाही. लहान मुलाचे शरीर काही दिवस उधारीवर काम करते आणि मग मनगट, गुडघा, टाच किंवा कंबर यांतून व्याजासह वसूल करते. आमच्या त्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले.

याउलट, जन्मभर शिल्लकच टाकत राहिले आणि एकही धनादेश लिहिला नाही, तर त्या शिल्लकेचा उपयोग काय? काही शिक्षक मुलांकडून वर्षभर जोर-बैठकाच काढून घेतात. मुले कंटाळून निघून जातात. शिवाय नवीन हालचाल शिकण्याचे जे उत्तम वय असते ते हातचे निसटते. तेव्हा प्रश्न "ताकद की कौशल्य" असा नाही. कोणत्या वयात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या क्रमाने किती, असा तो प्रश्न आहे.

मल्लखांबाची शिकवण

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या मातीतल्या मल्लखांबात आहे. मल्लखांब हे नावच सांगते, की हा मल्लाचा खांब. कुस्तीगिराच्या मांड्यांना पकड, पाठीला लवचीकता आणि दंडांना बळ यावे म्हणून त्याची योजना झाली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. नंतरच्या काळात अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि दादरचे १९२५ साली स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर अशा संस्थांनी ती घरोघरी नेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईला शिवाजी पार्कवर झाली. २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला आणि आयुष्यभर मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली.

या इतिहासात एक मोठी गंमत आहे. जी गोष्ट कुस्तीची पूर्वतयारी म्हणून सुरू झाली, तीच पुढे स्वतंत्र कला बनली. म्हणजे तयारी आणि कौशल्य यांच्यामध्ये भिंत नाही. जुने वस्ताद नव्या मुलाला पहिले कित्येक दिवस साधी अढीच करायला लावत. दोन्ही हातांनी खांब धरायचा, डोके खाली, पाय वर, आणि मांड्यांमध्ये खांब आवळून धरायचा. बघणाऱ्याला वाटे, की हा रोज तेच तेच करतो. परंतु त्या एका अढीत मांड्यांची पकड, पोटाची ताकद, खांद्यांची मजबुती आणि उलटे असताना दिशेचे भान या चारही गोष्टी एकदमच तयार होत. पुढचे सर्व प्रकार त्या अढीवरच उभे राहतात.

यावरून आम्ही पहिला नियम केला : ताकदीचा व्यायाम शक्यतो त्या कौशल्याच्याच आकारात द्यावा. हातांवर उभे राहायला शिकवायचे असेल तर पन्नास जोर मारून घेण्यापेक्षा भिंतीला पोट लावून हातांवर उभे करावे. अंग ताठ, पोट आत, खांदे कानांशी. यात ताकदही वाढते आणि आकारही अंगवळणी पडतो. गिरकी शिकवायची असेल तर पाठीवर झोपवून हात-पाय थोडे वर उचलून अंगाची होडी करायला लावावी आणि ती होडी डोलवावी. हवेत अंग जसे आवळायचे असते, तसेच ते जमिनीवर आवळले जाते.

मूल म्हणजे लहान माणूस नव्हे

दुसरे अर्धे उत्तर मुलाच्या वाढीत आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ एक मऊ कूर्चेचा थर असतो. हाडाची लांबी तेथे वाढते. वाढ पुरी होईपर्यंत हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा कमजोर असतो. मोठ्या माणसाला जेथे नुसता मुरगळा बसेल, तेथे मुलाच्या या थराला इजा होऊ शकते. जिम्नॅस्टिक्समध्ये हात हे पायांचे काम करतात. हातांवर येणाऱ्या उड्यांत मनगटावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, असे मोजमापांतून दिसले आहे. ३५ किलोच्या मुलाच्या मनगटावर ७० किलोचा झटका, तोही दिवसाला तीस वेळा! आम्ही त्या मुलाला काय करायला लावत होतो, हे हा हिशेब मांडल्यावर कळले.

साधारणपणे मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढ होते. काही मुलांत ही वाढ वर्ष-दोन वर्षे आधी किंवा नंतर येते. अशा वेळी हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात. अंग ताठर होते. टाच आणि गुडघ्याखालचे हाड दुखू लागते. गेल्या वर्षी सहज जमणारा प्रकार अचानक बिघडतो. पालकांना वाटते पोरगा आळशी झाला. शिक्षकाला वाटते लक्ष उडाले. वास्तविक, लोंबकळून पाय वर उचलताना आता पाय चार बोटे लांब आणि जड झालेले असतात. उचलणारी पोटाची ताकद मात्र तेवढीच असते. लांब दांड्याच्या टोकाचे ओझे उचलायला जास्त जोर लागतो, तसाच हा प्रकार. या मुलाला रागावण्यात अर्थ नाही. त्याला सहा महिने मूळ आकार आणि ताकद पुन्हा मिळवू द्यावी. नवीन धोक्याच्या उड्या थांबवाव्यात.

आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक मुलाची उंची भिंतीवरच्या खुणेशी मोजतो आणि वहीत लिहितो. खर्च शून्य. परंतु कोणाची वाढ वेगात आहे हे त्या वहीवरून कळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताकदीच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. योग्य देखरेखीखाली, स्वतःच्या अंगाच्या वजनावर आणि नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. वयात येण्यापूर्वी मुलांचे स्नायू फारसे फुगत नाहीत; मज्जासंस्था असलेल्या स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकते, म्हणून ताकद वाढते. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाचे दंड दिसत नाहीत म्हणून व्यायाम वाया गेला, असे समजू नये.

वयानुसार वाटणी

*सहा ते आठ वर्षे :* या वयात व्यायाम हा शब्दही काढू नये. माकडचाल, खेकडाचाल, बेडूकउड्या, दोराला लोंबकळणे, बाकावरून उडी मारून न पडता उतरणे यांत सगळी तयारी होऊन जाते. पडायचे कसे आणि उतरायचे कसे, हे या वयात पक्के करावे. आम्ही मुलांना सांगतो, "उतरताना आवाज करू नका." 'धप्प' असा आवाज आला तर गुडघे ताठ होते असे समजावे, आवाज आला नाही तर धक्का नीट झेलला गेला.

*नऊ ते अकरा वर्षे :* नवीन हालचाली शिकण्याचे हे सोन्यासारखे वय. वेळेचा मोठा भाग कौशल्याला द्यावा. एकच अवघड उडी घोटण्यापेक्षा अनेक सोप्या प्रकारांची विविधता द्यावी. ताकदीचा व्यायाम रोज, परंतु थोडा.

*बारा ते चौदा वर्षे :* वाढीचा काळ. येथे पारडे तयारीकडे झुकवावे. येत असलेले प्रकार सफाईदार करावेत. उड्यांची संख्या मोजून ठेवावी.

*पंधरा वर्षांनंतर :* वाढ मंदावते आणि ताकद वेगाने येते. आधी घातलेला पाया पक्का असेल तर अवघड प्रकार या वयात लवकर साधतात.

ही वयाची कुंपणे सैल समजावीत. एकाच वर्गातील दोन मुलांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. जन्मतारखेपेक्षा उंचीची वही अधिक खरे बोलते.

दीड तासाचा क्रम

आम्ही आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास घेतो. आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक नसावेत, असे क्रीडावैद्यक जाणणारे सांगतात. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्याला नऊ तासांहून अधिक नको. आम्ही त्याच्या आतच राहतो. क्रम असा :

पहिली १५ मिनिटे अंग गरम करणे : धावणे, दोरीउड्या, खेळ. पुढची १० मिनिटे मूळ आकार : होडी, कमान, भिंतीशी हातांवर उभे राहणे. मग ३५ मिनिटे कौशल्य. त्यानंतर २० मिनिटे ताकद : लोंबकळून पाय उचलणे, जोर, बैठका, दोरावर चढणे. शेवटची १० मिनिटे सावकाश ताण देणे.

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कौशल्य आधी आणि ताकद नंतर. नवीन हालचाल शिकताना मेंदू आणि अंग ताजे असावे लागते. थकलेले मूल चुकीची हालचाल करते आणि शरीर ती चुकीची हालचालच पाठ करते. ती पुसायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आमच्या शाळेच्या दिवसांत मात्र उलटे होते. आधी शंभर बैठका आणि मग मल्लखांब. पाय थरथरत असताना खांबावर चढलो की घसरत असू, आणि घसरलो की आणखी पन्नास बैठकांची शिक्षा. व्यायाम ही शिक्षा झाली की मुलाच्या मनातून तो आयुष्यभरासाठी उतरतो. आमच्या मैदानावर शिक्षा म्हणून एकही जोर काढला जात नाही.

आणखी एक नियम : एकच चूक सलग तीन वेळा झाली की तो प्रकार त्या दिवसापुरता बंद. एक पायरी खाली उतरून त्याच प्रकाराचा सोपा भाग करायचा. तसेच कार्यक्रम किंवा स्पर्धेला तीन आठवडे उरले की नवीन प्रकार शिकवायचा नाही. आठवड्यात किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन पाहता सराव सकाळीच, आणि वर्षातून काही आठवडे पूर्ण सुट्टी. त्या सुट्टीत पोहावे, विटीदांडू खेळावे, आजोळी जावे.

उडीआधीची परीक्षा

डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नातून आमची परीक्षापद्धती निघाली. प्रत्येक प्रकाराआधी मुलाने काही गोष्टी करून दाखवायच्या. उलट्या हातउडीसाठी आमच्या अटी अशा : भिंतीशी हातांवर अर्धा मिनिट स्थिर उभे राहणे, हात सरळ ठेवून कमान करणे आणि त्यातून उठणे, होडी अर्धा मिनिट न मोडता धरणे, बाकावरून दहा वेळा बिनआवाज उतरणे, आणि मनगट, खांदा, कंबर यांत कोठेही दुखणे नसणे. यांतली एक जरी अट अपुरी असेल तर उडी नाही. मग जयंती असो की जिल्हास्तर. हे आकडे कोणत्या नियमपुस्तकातले नाहीत. आमच्या मुलांना पाहून आम्ही ठरवले आहेत आणि गरज पडेल तसे बदलतो. परंतु आकडा लिहिलेला असला की शिक्षकाला मोह आवरता येतो, पालकांना समजावता येते आणि मुलालाही आपण कोठवर आलो ते कळते.

घाई कशाची?

घाईचे मूळ बहुधा मैदानाबाहेर असते. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण, सरकारी नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, यांमुळे पालकांना प्रमाणपत्र लवकर हवे असते. गरिबाच्या घरात ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. परंतु चौदाव्या वर्षी मनगट गमावून बसलेल्या मुलाला सतराव्या वर्षी प्रमाणपत्र कोठून मिळणार?

जगाचा अनुभवही हेच सांगतो. १९७६ साली माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने चौदाव्या वर्षी दहापैकी दहा गुण मिळवले, तेव्हा जिम्नॅस्टिक्स हा बालिकांचाच खेळ आहे असे जगाला वाटले. पुढे जागतिक संघटनेने वरिष्ठ गटातील मुलींची किमान वयोमर्यादा १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ केली. २००८ साली बीजिंगला ओक्साना चुसोवितिनाने ३३ व्या वर्षी व्हॉल्टचे रौप्यपदक घेतले. २०२४ साली पॅरिसमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स २७ व्या वर्षी सर्वांगीण विजेती झाली.

आपल्या देशातील उदाहरण आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे. तिचे तळपाय जन्मतः सपाट होते. उडीची उसळी आणि उतरण्याचा धक्का या दोन्ही गोष्टी पायाच्या कमानीवर अवलंबून असतात, म्हणून या खेळात सपाट तळपाय हा मोठा अडथळा. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी प्रथम तिच्या पायांवरच मेहनत घेतली. मग कितीतरी वर्षांनी हात टेकवून हवेत दोन गिरक्या घेण्याचा अत्यंत अवघड प्रोदुनोव्हा व्हॉल्ट तिला साधला. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या व्हॉल्ट अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह ती चौथी आली. कांस्यपदक केवळ ०.१५० गुणांनी हुकले. २०१७ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तरी २०१८ मध्ये तिने तुर्कस्तानात सुवर्ण जिंकले आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त होण्यापूर्वी, त्याच वर्षी मे महिन्यात, ताश्कंदला आशियाई सुवर्णपदकही मिळवले. जग तिची दोन गिरक्यांची उडी लक्षात ठेवते. विद्यार्थ्यांनी तिचे तळपाय लक्षात ठेवावेत.

मुलींविषयी आणि ताटाविषयी

वयात येणाऱ्या मुलीला "वजन वाढले, कमी खा" असे शिक्षकाने कधीही म्हणू नये. वाढीच्या वयात कमी खाऊन केलेला सराव हाडे पोकळ करतो. सुरू झालेली पाळी सरावाच्या काळात थांबली, तर ते चांगल्या तयारीचे लक्षण नसून शरीराला अन्न पुरत नसल्याची खूण असू शकते. अशा मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, मिळेल तसे दूध किंवा अंडे एवढ्यानेही पुष्कळ भागते. रिकाम्या पोटी आलेल्या मुलाला आम्ही आधी मूठभर फुटाणे देतो आणि मग मैदानात घेतो.

तार किती ताणावी

आपल्या सभासदांना सोण स्थविरांची कथा माहीत आहे. अत्यंत सुकुमार अशा त्या तरुणाने चंक्रमण करताना इतका अट्टाहास केला, की तळपायांतून रक्त वाहू लागले आणि निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही. फार सैल सोडली तरीही लागत नाही. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. त्या मुलाच्या मनगटाने ती आम्हांला समजावली. लक्षात घेण्यासारखे हे, की सोणाला प्रयत्न सोडायला सांगितलेले नाही. तार लावायला सांगितले आहे. आणि प्रत्येक वीणेची तार वेगळी लावावी लागते.

शेवटी

तो मुलगा दोन महिन्यांनी मैदानावर परत आला. उड्या बंदच होत्या. त्याने होडीपासून सुरुवात केली. हातांवर पहिल्या दिवशी आठ सेकंद उभा राहिला. ते आम्ही वहीत लिहिले. अर्धा मिनिट पुरे व्हायला त्याला दिवाळीपर्यंत वेळ लागला. पुढच्या जयंतीला त्याने उडी मारली नाही. मंडपाच्या मधोमध हातांवर स्थिर उभा राहिला, अंग ताठ, पाय जुळलेले. फार टाळ्या पडल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र त्याने उलटी हातउडी घेतली. उतरताना आवाज आला नाही.

सभासद बंधुभगिनींना विनंती एवढीच, की यंदाच्या कार्यक्रमात एखादे मूल नुसते हातांवर स्थिर उभे राहिले, तर त्यालाही जोरात टाळ्या द्याव्यात. आणि विद्यार्थी मित्रांनो, कोठे दुखत असेल तर लपवू नका. दुखणे सांगणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. तुमच्या दुखण्याची नोंद आमच्या वहीत पहिल्या पानावर होईल, आणि उडी तुमची वाट पाहील.